गोडॉक्स टीटी६०० : व्यक्तिचित्रण शिकू पाहणाऱ्यासाठी एक फ्लॅश

गोडॉक्सच्या टीटी६०० या फ्लॅशबद्दल सर्वांत आधी सांगायला हवे ते हे की त्यात टीटीएल (‘थ्रू द लेन्स’, म्हणजे भिंगातून प्रकाश मोजण्याची पद्धत) नाही. कॅमेऱ्याचे मीटर काय म्हणते ते विचारून प्रकाशाची मात्रा स्वतःच ठरवण्याची सोय या फ्लॅशला नाही. ती मात्रा प्रत्येक वेळी वापरणाऱ्याने ठरवायची असते. खरेदी करणारे बहुतेक लोक याकडे उणीव म्हणून पाहतात आणि धावपळीच्या कार्यक्रमात छायाचित्रे काढणाऱ्यांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबरही आहे. परंतु समोर एक व्यक्ती शांतपणे बसली आहे, हाताशी वेळ आहे आणि चेहऱ्यावर प्रकाश कसा पडतो हे शिकायचे आहे, अशा माणसासाठी हीच गोष्ट या फ्लॅशची मोठी जमेची बाजू ठरते, असे माझे बऱ्याच वापरानंतरचे मत आहे.

आधी उपकरणाची ओळख. टीटी६०० चार पेन्सिल सेलवर चालतो. त्याचे डोके वर-खाली आणि आडवे फिरते, भिंगाच्या नाभीय अंतराशी जुळवून घेण्यासाठी झूम २० ते २०० मिमी असा बदलता येतो आणि प्रकाशाची ताकद पूर्ण म्हणजे १/१ पासून १/१२८ पर्यंत एक-तृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी कमी करता येते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे). डोक्यात बाहेर ओढता येणारे रुंद-कोनाचे पारदर्शक झाकण आणि एक छोटे पांढरे कार्ड आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ रेडिओवर चालणारी गोडॉक्सची एक्स प्रणाली फ्लॅशमध्येच बसवलेली असते, त्यामुळे कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेला फ्लॅश चालवण्यासाठी त्याच्या पायाशी वेगळा रिसीव्हर जोडावा लागत नाही. माझ्या मते या फ्लॅशची खरी किंमत या एका सोयीत आहे; बाकीची यादी याच वर्गातल्या इतर फ्लॅशमध्येही थोड्याफार फरकाने सापडते.

फ्लॅशचा जोर सांगणारा आकडा, म्हणजे गाइड नंबर, ६० असा दिलेला आहे. हा आकडा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनक्षमता) १०० वर, मीटरमध्ये आणि झूम २०० मिमीवर असतानाचा आहे, हे लक्षात घेतले नाही तर खरेदीदाराची अपेक्षा उगाच वाढते. गाइड नंबरला फ्लॅश आणि व्यक्ती यांच्यातल्या अंतराने भागले की भिंगाच्या छिद्राचा आकार, म्हणजे अ‍ॅपर्चर मिळते, हे गणित उघड्या फ्लॅशपुरते खरे आहे. पण झूम ३५ मिमीवर आणला की प्रकाश पसरतो आणि तो आकडा बराच खाली येतो, आणि फ्लॅशसमोर प्रकाश पसरवणारी पांढरी छत्री लावल्यावर तर तो विसरूनच गेलेला बरा. व्यक्तिचित्रात फ्लॅश चेहऱ्यापासून जेमतेम एक-दीड मीटरवर असतो. तेवढ्या अंतरावर, छत्रीतून, आयएसओ १०० आणि एफ ५.६ ला मला बहुधा १/१६ किंवा १/८ एवढीच ताकद पुरते. म्हणजे व्यक्तिचित्रासाठी या फ्लॅशचा जोर पुरेसा आहे आणि तो पूर्ण ताकदीने वापरण्याची वेळ घरात क्वचितच येते.

आता त्याच्या वापराकडे वळू. फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवून सरळ चेहऱ्यावर मारला तर मिळणारे चित्र कोणालाच आवडत नाही: नाक-गाल एका पातळीवर आल्यासारखे सपाट दिसतात, कपाळ चमकते, मागच्या भिंतीवर डोक्याची काळी कड उमटते. प्रकाशाचा उगम भिंगाच्या अगदी जवळ असल्यामुळे डोळ्याच्या पडद्यावरून परतलेला लालसर प्रकाश सरळ कॅमेऱ्यात येतो आणि डोळे लाल दिसतात. दोष फ्लॅशचा नसून त्याच्या जागेचा असतो, आणि टीटी६०० याला अपवाद नाही. डोके वळवून प्रकाश बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर आपटवला तर चित्र पुष्कळ सुधारते, कारण आता प्रकाश येतो तो भिंतीच्या एका मोठ्या भागावरून. छतावर आपटवलेला प्रकाश मात्र सरळ वरून येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत सावली भरतो. त्यापेक्षा छायाचित्रकाराच्या मागच्या आणि बाजूच्या भिंतीचा कोपरा निवडावा. भिंत रंगीत असेल तर तो रंग चेहऱ्यावर येणारच, आणि हिरवट भिंतीने दिलेली त्वचेची छटा नंतर संगणकावर दुरुस्त करणे हे चिकट काम आहे. पण हे सगळे कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशचे उपाय झाले. टीटी६०० ज्यासाठी घ्यायचा ते काम फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरवल्यावर सुरू होते.

टीटीएलचा मुद्दा इथे नीट मांडायला हवा. टीटीएल फ्लॅश मुख्य चमक देण्याआधी एक क्षीण चमक फेकतो, ती परत किती आली हे कॅमेरा भिंगातून मोजतो आणि त्यावरून मुख्य चमकेची ताकद ठरवतो. समोरच्या व्यक्तीने काळा सदरा घातला असेल तर कॅमेऱ्याला दृश्य गडद वाटते आणि तो ताकद वाढवतो. पांढरा घातला असेल तर कमी करतो. चौकट थोडी घट्ट केली, किंवा व्यक्तीने हात छातीशी आणले, तरी हिशेब बदलतो. आधुनिक कॅमेरे यातले बरेच सावरून घेतात, परंतु शिकणाऱ्यासाठी अडचण वेगळीच असते. दोन चित्रांत प्रकाश कमी-जास्त झाला तर तो आपण स्टँड सरकवल्यामुळे झाला की कॅमेऱ्याने मनाने बदलला, हे त्याला कळत नाही. टीटी६०० १/१६ वर ठेवला की तो १/१६ वरच राहतो. पुढच्या चित्रात जो फरक दिसेल तो आपल्याच हालचालीचा. आणखी एक फायदा मला वापरताना लक्षात आला: पूर्वचमक नसल्यामुळे ज्यांच्या पापण्या फार चटकन मिटतात अशा माणसांची चित्रे मिटलेल्या डोळ्यांनी वाया जाण्याचे प्रमाण कमी होते. टीटीएलमध्ये पूर्वचमकेला पापणी हलते आणि मुख्य चमक येईपर्यंत ती खाली आलेली असते.

कॅमेऱ्याची तयारी साधी आहे, पण ती केली नाही तर पहिलाच तास वैतागात जातो. कॅमेरा एम मोडवर, म्हणजे सगळे आकडे आपणच ठरवण्याच्या मोडवर, ठेवावा, आयएसओ १००, शटर १/१६० किंवा १/२००, अ‍ॅपर्चर एफ ५.६. फ्लॅश बंद ठेवून एक चित्र काढावे. साधारण दिव्यांच्या खोलीत ते जवळजवळ काळे आले पाहिजे, आणि तसे आले म्हणजे खोलीतला प्रकाश हिशेबातून गेला. आता चित्रात जे दिसेल ते केवळ फ्लॅशने उजळलेले असेल. मिररलेस कॅमेरा असेल तर याच वेळी व्ह्यूफाइंडरही काळाठिक्कर पडतो, कारण कॅमेरा येणाऱ्या चित्राचा उजेड आधीच दाखवू पाहतो आणि फ्लॅश असणार आहे हे त्याला ठाऊक नसते. नवशिक्याला इथे कॅमेरा बिघडल्यासारखे वाटते. मेनूमध्ये एक्स्पोजरचे हे पूर्वदर्शन बंद करण्याची सोय असते. ती शोधून बंद करावी. त्याचबरोबर आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर चालू नाही ना हेही पाहावे, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत त्या शटरवर फ्लॅश पेटतच नाही.

यानंतर फ्लॅश १/१६ वर पेटवावा आणि चित्र पाहावे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र किती उजळ दिसते यावर भरवसा ठेवू नये, कारण अंधाऱ्या खोलीत तो पडदा सगळेच उजळ दाखवतो. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात गडद आणि उजळ भाग किती आहेत हे दाखवणारा आलेख, पाहावा आणि जास्त उजळलेले भाग लुकलुकवून दाखवण्याची सोय चालू ठेवावी. कपाळ किंवा नाकाचा शेंडा लुकलुकू लागला तर ताकद एक-तृतीयांश किंवा दोन-तृतीयांश स्टॉप उतरवावी. टीटी६०० च्या मागच्या चाकाने हे सहज होते. फक्त पडद्यावरच्या आकड्यांची एक गंमत सांभाळावी लागते. ताकद वाढवत नेताना १/४ नंतर ‘१/४ +०.३’ आणि ‘१/४ +०.७’ असे दिसते, पण वरून खाली येताना तीच ताकद ‘१/२ -०.७’ आणि ‘१/२ -०.३’ या रूपात दिसते. १/४ +०.७ आणि १/२ -०.३ या एकाच गोष्टी आहेत. माहितीपत्रकात याचा तक्ता आहे, परंतु तो पाहण्याइतका धीर फार थोड्यांना असतो आणि म्हणून कालची नोंद आज जुळत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. कंपनीने एकच पद्धत ठेवली असती तर बरे झाले असते.

खरा अभ्यास स्टँडच्या जागेचा. फ्लॅश छत्रीसह स्टँडवर लावून तो व्यक्तीच्या समोरून साधारण ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा बराच वर ठेवावा, तोंड खाली झुकवलेले असावे. आता चेहऱ्यावर लक्ष एकाच गोष्टीवर ठेवायचे, ती म्हणजे नाकाची सावली. ती ओठाच्या कोपऱ्याकडे थोडीशी तिरकी उतरते आहे आणि गालाला टेकत नाही, अशी स्थिती बहुतेक चेहऱ्यांना शोभते. स्टँड आणखी बाजूला सरकवला की सावली लांबते, गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि दूरच्या डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरतो; याच मांडणीला रेम्ब्रांट प्रकाश म्हणतात. अजून सरकवला तर तो त्रिकोणही मिटतो आणि अर्धा चेहरा अंधारात जातो. उलट स्टँड कॅमेऱ्याच्या वर, चेहऱ्याच्या मधोमध आणला की नाकाखाली सारख्या बाजूंची छोटी सावली पडते, गालाची हाडे उठून दिसतात, परंतु डोळे खोल असतील तर ते झाकोळतात. प्रत्येक बदलासाठी स्टँड वीतभरच हलवावा आणि चित्र काढावे. ताकद न बदलता काढलेली अशी चित्रांची ओळ शेजारी-शेजारी ठेवून पाहिली की चेहऱ्याच्या घडणीबद्दल जितके समजते तितके वाचून समजत नाही.

डोळ्यांतली चमकही तपासावी. बुबुळाच्या वरच्या भागात छत्रीचे छोटेसे प्रतिबिंब दिसले तर डोळे जिवंत वाटतात; फ्लॅश फार वर गेला की पापणी ते प्रतिबिंब झाकते आणि डोळे निस्तेज दिसतात. व्यक्तीला चष्मा असेल तर छत्रीचे प्रतिबिंब काचेवर येते. अशा वेळी फ्लॅश आणखी वर आणि बाजूला न्यावा, आणि चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलून काचा थोड्या खाली झुकवाव्यात; तेवढ्याने प्रतिबिंब खाली निघून जाते आणि चित्रात ते झुकणे कोणाच्या लक्षातही येत नाही.

अंतराचा अभ्यास हा मला या संपूर्ण शिक्षणातला सर्वांत रंजक भाग वाटतो, आणि टीटी६०० सारख्या स्थिर फ्लॅशवर तो फार स्वच्छ दिसतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होतो: अंतर दुप्पट केले की एक-चतुर्थांश उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेले असते. छायाचित्रात त्याचा अर्थ असा. समजा फ्लॅश चेहऱ्यापासून १ मीटरवर आहे आणि पांढरी भिंत चेहऱ्याच्या २ मीटर मागे आहे. भिंत फ्लॅशपासून ३ मीटर दूर झाली, म्हणून तिच्यावर चेहऱ्याच्या एक-नवमांश प्रकाश पडतो, जवळजवळ तीन स्टॉप कमी, आणि पांढरी भिंत चित्रात गडद राखाडी येते. आता फ्लॅश त्याच रेषेत मागे नेऊन चेहऱ्यापासून ३ मीटरवर ठेवा. भिंत ५ मीटरवर गेली. चेहऱ्यावरच्या प्रकाशाच्या तुलनेत भिंतीवर नऊ-पंचविसांश प्रकाश पडतो, म्हणजे फरक दीड स्टॉपवर आला आणि भिंत स्पष्ट उजळली. चेहरा पूर्वीइतकाच उजळ ठेवायचा तर ताकद नऊपट वाढवावी लागेल, म्हणजे १/१६ वरून १/२ च्याही किंचित वर. भिंतीला हात लावला नाही, व्यक्ती हलली नाही, तरी पार्श्वभूमी बदलली. घरातल्या एकाच पांढऱ्या भिंतीसमोर काळी, राखाडी आणि जवळजवळ पांढरी अशा तीन पार्श्वभूमी मिळवता येतात हे एकदा हाताला कळले, की कापडी पडदे विकत घेण्याची घाई ओसरते. व्यक्तीला भिंतीपासून आणखी पुढे आणले तर भिंत अधिक काळी होते, हे वेगळे सांगायला नको.

जवळ-दूर करण्याचा दुसरा परिणाम मऊपणावर होतो. प्रकाश मऊ की कठोर, हे फ्लॅशच्या ताकदीवर अवलंबून नसते; चेहऱ्याकडून पाहिले असता प्रकाशाचा उगम किती मोठा दिसतो यावर ते ठरते. टीटी६०० चे उघडे डोके तळहाताएवढेही नाही, म्हणून त्याच्या सावलीच्या कडा सुरीने कापल्यासारख्या येतात. एक मीटर व्यासाची छत्री चेहऱ्यापासून एक मीटरवर मोठा उगम ठरते, तर तीच छत्री चार मीटरवर नेली की लहान होते आणि सावल्या पुन्हा कठोर होऊ लागतात. म्हणून मऊ प्रकाशासाठी छत्री चौकटीच्या अगदी कडेपर्यंत, चित्रात जेमतेम येणार नाही इतकी जवळ आणावी. फ्लॅशच्या डोक्यावर चढवायची प्लॅस्टिकची छोटी टोपी बरेचजण सोबत घेतात. खोलीत पांढऱ्या भिंती असतील तर ती प्रकाश चोहीकडे उधळते आणि भिंतींमुळे थोडा मऊपणा येतो, पण मोकळ्या जागी तिचा उपयोग फक्त ताकद वाया घालवण्यापुरता होतो. त्या टोपीऐवजी आरपार जाणारी पांढरी छत्री, तिला धरणारी पकड आणि एक हलका स्टँड घ्यावा. फ्लॅशचा झूम छत्रीत २४ ते ३५ मिमीच्या दरम्यान ठेवला म्हणजे छत्री पूर्ण भरते. तो चुकून २०० वर राहिला तर छत्रीच्या मधोमध एक तेजस्वी ठिपका पडतो आणि एवढ्या मोठ्या छत्रीचा फायदा मिळत नाही.

खोलीतला किंवा बाहेरचा प्रकाश हिशेबात परत आणायचा झाला तर शटरकडे वळावे लागते. फ्लॅशची चमक शटरच्या तुलनेत फार थोडा वेळ टिकते. टीटी६०० साठी ती पूर्ण ताकदीला सुमारे १/३०० सेकंद आणि सर्वांत कमी ताकदीला सुमारे १/२०००० सेकंद दिलेली आहे. त्यामुळे शटर १/२०० वरून १/३० वर आणले तरी फ्लॅशने उजळलेला चेहरा तेवढाच राहतो, पण मागच्या खिडकीतली संध्याकाळ किंवा टेबलावरच्या दिव्याचा उजेड चित्रात भरतो. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दोन्ही प्रकाशांवर परिणाम करतात, शटर फक्त सभोवतालच्या प्रकाशावर, आणि फ्लॅशची ताकद व अंतर फक्त फ्लॅशवर. एवढी विभागणी मनात बसली की मिश्र प्रकाशातले व्यक्तिचित्र हा अंदाजपंचे खेळ राहत नाही. अशा मिश्रणात खोलीतला दिवा पिवळा असेल तर फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पातळ पत्रा, लावून दोघांचा रंग जुळवावा आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) दिव्याला साजेसा ठेवावा. टीटी६०० चा रंग सुमारे ५६०० केल्विन, म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळचा आहे. जेल न लावता चेहरा नैसर्गिक ठेवला तर मागची खोली शेंदरी होते, आणि खोली सावरली तर चेहरा निळा पडतो.

उलट बाजूने शटर वेगवान करण्याला मर्यादा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसह वापरता येणारा सर्वांत वेगवान शटर, १/१६० ते १/२५० च्या दरम्यान असतो. त्यापुढे शटरचे दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात आणि चित्रात काळी पट्टी येते. यावर उपाय म्हणजे हाय-स्पीड सिंक, ज्यात फ्लॅश एका चमकेऐवजी अनेक लहान चमका सलग फेकतो. टीटी६०० कॅमेऱ्यावर बसवलेला असताना ही सोय देत नाही. तो कॅमेऱ्यापासून दूर, गोडॉक्सच्या ट्रिगरवरून, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या रेडिओ-नियंत्रकावरून, चालवला तरच १/८००० पर्यंत जाता येते, आणि त्यात ताकद इतकी खर्च होते की भर दुपारी छत्रीतून चेहरा उजळवणे या एका फ्लॅशला जड जाते. उन्हात एफ १.८ वर व्यक्तिचित्रे काढण्याच्या विचाराने हा फ्लॅश घेणाऱ्याने हे आधीच जाणून घ्यावे. सावलीत बसवून, किंवा भिंगावर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावून सिंक स्पीडच्या आत राहणे, हा त्यातल्या त्यात कमी खर्चाचा मार्ग.

सेलबद्दल थोडक्यात. पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरावेत. साध्या अल्कलाइन सेलचे व्होल्टेज कागदावर जास्त असले तरी त्यांचा अंतर्गत रोध मोठा असल्यामुळे फ्लॅशला लागणारा जोराचा विद्युतप्रवाह ते लवकर देऊ शकत नाहीत आणि दोन चमकांमधली वाट लांबत जाते. चांगल्या सेलवर पूर्ण ताकदीनंतर फ्लॅश सुमारे अडीच सेकंदांत पुन्हा तयार होतो, असे कंपनी म्हणते, आणि सेल ताजे असताना ते पटण्यासारखे आहे. १/१६ वर तर वाट पाहावीच लागत नाही. चारही सेल एकाच वयाचे आणि एकाच कंपनीचे असावेत. फ्लॅश बरेच दिवस वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावेत. आणि बिघडला तरी तो घरी उघडू नये, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या आसपासचा साठा राहू शकतो.

ट्रिगरची निवड फ्लॅशइतकीच महत्त्वाची आहे. एक्सप्रो किंवा एक्स२टी यांपैकी कोणताही ट्रिगर चालतो, मात्र तो आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठीचा असावा लागतो. ट्रिगर आणि फ्लॅश या दोन्हींवर चॅनेल आणि आयडी सारखे ठेवले की स्टँडपर्यंत न जाता, कॅमेऱ्यावरूनच ताकद वर-खाली करता येते. व्यक्तिचित्र काढताना ही सोय चैनीची वाटते, पण तशी ती नाही: छायाचित्रकार दर वेळी उठून स्टँडशी गेला की समोरच्या माणसाची बैठक मोडते आणि चेहऱ्यावर नुकताच आलेला मोकळेपणा निघून जातो. एक्सप्रोचा पडदा मोठा आहे आणि त्यावर फ्लॅशचे सर्व गट (ग्रुप ए, बी वगैरे) एकदम दिसतात, म्हणून मी त्याच्या बाजूने. फ्लॅशमध्ये एस१ आणि एस२ हे दुसऱ्या फ्लॅशची चमक पाहून पेटण्याचे प्रकारही आहेत, ज्यांत एस२ टीटीएलच्या पूर्वचमकेकडे दुर्लक्ष करतो. रेडिओ हाताशी असताना त्यांची गरज पडत नाही.

खरेदीआधी आपल्या कॅमेऱ्याचा हॉट-शू, म्हणजे वर फ्लॅश बसवण्याची खाच, नक्की पाहावा. टीटी६०० च्या पायाला एकच संपर्कबिंदू आहे आणि बहुतेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर तो चालतो. सोनीसाठी टीटी६००एस हा वेगळा प्रकार आहे. कॅननच्या ईओएस २५०डी सारख्या काही कॅमेऱ्यांच्या हॉट-शूमध्ये मात्र मधला बिंदूच काढून टाकलेला आहे, त्यामुळे अशा कॅमेऱ्यावर सरळ बसवलेला हा फ्लॅश पेटणार नाही.

बांधणीबद्दल फारसे बोलण्यासारखे नाही. प्लॅस्टिकची काया मजबूत वाटते, पण पायाची पकड जुन्या पद्धतीच्या फिरत्या चकतीची आहे. ती घट्ट करायला आणि त्याहून सैल करायला वेळ लागतो, आणि एका दमात बसणाऱ्या खटक्याची सवय झालेल्याला ती जुनाट वाटेल. सतत जळणारा मॉडेलिंगचा दिवा नसल्यामुळे सावली कुठे पडणार हे चित्र काढल्याशिवाय दिसत नाही. सुरुवातीला ही अडचण वाटते, पुढे नजर बसते. छत्रीऐवजी सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) लावायचा असेल तर फ्लॅशला पायाने न धरता अंगाने धरणारी एस प्रकारची पकड घ्यावी, म्हणजे सगळा भार त्या छोट्या पायावर येत नाही.

समारंभांची, मुलांच्या धावपळीची किंवा बातमीदारीची छायाचित्रे काढणाऱ्याने हा फ्लॅश घेऊ नये. त्यांच्यासाठी याच कंपनीचा टीटी६८५ वर्गातला, टीटीएल असलेला फ्लॅश योग्य आहे आणि लिथियम बॅटरी हवी असेल तर व्ही१ किंवा व्ही८६० मालिका आहे. एका जागी बसवून व्यक्तिचित्रे काढणाऱ्याला टीटी६०० पुरतो, आणि टीटीएल फ्लॅशसाठी राखलेल्या पैशांत त्याला छत्री, स्टँड आणि ट्रिगर यांची सोय लावता येण्याची शक्यता बरीच आहे. दुसरा टीटी६०० घेण्याचा मोह लवकर होतो, पण तो लांबवावा. सावलीची बाजू उजळायला दुसऱ्या फ्लॅशऐवजी थर्मोकोलचा पांढरा तक्ता चेहऱ्याजवळ धरला तरी पुरते, आणि तो पुढे-मागे केला की सावली किती भरावी हे डोळ्यांसमोर दिसते. त्यानेही भागेना आणि काळ्या केसांची कड काळ्या पार्श्वभूमीत बुडू लागली, म्हणजे दुसरा फ्लॅश व्यक्तीच्या मागे, उंचावर, ग्रुप बी मध्ये आणि १/६४ पासून सुरुवात करून लावावा. त्याचा उजेड भिंगात शिरू नये म्हणून कॅमेऱ्याकडच्या बाजूला काळ्या पुठ्ठ्याची पट्टी चिकटवायची.